फकीरचंद कोहली : विजेच्या कामातून संगणकाकडे

पुण्याहून रेल्वेनं किंवा जुन्या घाटरस्त्यानं मुंबईला निघालं की खोपोलीच्या बाजूला डोंगराच्या अंगावरून उतरणारे जाडजूड पाइप दिसतात. लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांमधलं पाणी त्यांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि पायथ्याशी टाटांच्या वीजकेंद्रातली चक्रं फिरवतं. हे केंद्र १९१५ सालचं. त्यामागून १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं. मुंबईच्या गिरण्या, लोकल गाड्या, घरं आणि दुकानं या विजेवर वाढली.

भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाची हकिगत सहसा बंगळुरूपासून सांगितली जाते. मला ती खोपोलीपासून सांगावीशी वाटते. देशातल्या पहिल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला आकार देणारा माणूस त्याआधी तब्बल १८ वर्षं या वीजव्यवस्थेत राबत होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएसची सूत्रं हाती आली तेव्हा फकीरचंद कोहली ४५ वर्षांचे होते आणि स्वतःला ते वीज अभियंताच मानत होते. पुढच्या पाव शतकात त्यांनी जे केलं, त्याचा उगम या आधीच्या कामात आहे असं माझं ठाम मत आहे.

कोहलींचा जन्म १९ मार्च १९२४ रोजी पेशावरचा. शिक्षण पेशावरला आणि मग लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात झालं. नौदलात त्यांची निवडही झाली होती, पण त्याच सुमाराला कॅनडातल्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते क्वीन्स विद्यापीठात गेले. तिथं १९४८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. ते परदेशात असतानाच फाळणी झाली आणि ज्या गावातून ते निघाले होते ते गाव परत जाण्याजोगं उरलं नाही. एक वर्ष कॅनेडियन जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी केल्यावर त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीतून १९५० साली पदव्युत्तर पदवी मिळवली. नंतर न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडमधल्या वीज कंपन्यांत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेतलं. १९५१ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईत टाटा इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले.

त्यांच्याकडे आलेलं काम होतं लोड डिस्पॅचिंगची यंत्रणा उभारण्याचं. हे काम नेमकं काय असतं ते जरा थांबून पाहायला हवं, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे.

वीज मोठ्या प्रमाणात सहजी साठवून ठेवता येत नाही. शहर ज्या क्षणी जितकी मागेल, त्याच क्षणी तितकी तयार व्हावी लागते. सकाळी लोकलची गर्दी सुरू झाली, गिरणीची पाळी बदलली, संध्याकाळी दिवे लागले की मागणी वर जाते. त्या वेळी निर्मिती मागे पडली तर प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते, आणि ती फार घसरली तर यंत्रं बिघडू नयेत म्हणून एकेक केंद्र आपणहून बाजूला होतं आणि अंधार पसरतो. म्हणून एका खोलीत बसलेल्या अभियंत्यांना पूर्ण जाळ्यावर सतत नजर ठेवावी लागते. कुठलं केंद्र किती चालवायचं, कुठली वाहिनी किती भार पेलेल, एखादी वाहिनी वादळात तुटली तर तिचा भार कुणाकडे वळवायचा, हे सगळं त्यांनी ठरवायचं. पाण्यावरची चक्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. औष्णिक केंद्राचा बॉयलर तापायला कित्येक तास लागतात. त्यामुळे ट्रॉम्बेनं दिवसभराचा पाया सांभाळायचा आणि ऐन मागणीच्या वेळी घाटातलं पाणी सोडायचं, अशी वाटणी होते. पण ते पाणीही मोजकंच. पावसाळ्यात भरलेला तलाव पुढच्या जूनपर्यंत पुरवायचा असतो. म्हणजे या खोलीतल्या माणसाला पुढच्या मिनिटाचा आणि पुढच्या वर्षाचा विचार एकाच वेळी करावा लागतो.

या कामानं कोहलींच्या विचाराला एक वळण लावलं. सुटा भाग कितीही उत्तम असला तरी तो पूर्ण व्यवस्थेत कसा वागतो हे महत्त्वाचं, ही गोष्ट त्यांच्या हाडीमांसी खिळली. आयुष्यभर ते ज्याला ‘सिस्टिम्स’ म्हणत राहिले ते हेच.

जाळं वाढत गेलं तशी आकडेमोड हाताबाहेर जाऊ लागली. कुठल्या वाहिनीतून किती वीज वाहील हे काढायला शेकडो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. तो त्या काळी देशातला सर्वांत शक्तिशाली संगणक होता. कोहली आणि त्यांचे सहकारी आपल्या वीजजाळ्याची गणितं घेऊन तिथं जाऊ लागले. पुढे टाटा इलेक्ट्रिकनं वीजजाळ्याच्या नियंत्रणासाठी डिजिटल संगणक बसवला, तोही अशा वेळी की जगातल्या मोजक्याच वीज कंपन्यांनी तोवर हे धाडस केलं होतं. कोहलींना संगणक भेटला तो असा, गळ्याशी आलेल्या कामाची सोय म्हणून. संगणकाचं नवल त्यांना होतंच, पण तो कशासाठी हवा याचं उत्तर त्यांच्याकडे आधी होतं. पुढे संगणक घेऊन मग त्याला काम शोधणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ झाल्या. कोहलींचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा होता.

याच काळातला एक मराठी धागा सांगायला हवा. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे व्हीजेटीआयचे माजी प्राचार्य, पवईच्या आयआयटीच्या उभारणीत राबलेले आणि १९५९ पासून आयआयटी कानपूरचे पहिले संचालक. कानपूरसाठी चांगले प्राध्यापक मिळवण्याच्या कामात त्यांनी कोहलींची मदत घेतली. १९६३ मध्ये कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातानं त्याच्यावर काम करायला मिळू लागलं. शिक्षणसंस्था आणि उद्योग यांच्यात कोहलींची जी ये-जा आयुष्यभर चालू राहिली, तिची सुरुवात इथं झाली. चांगली माणसं तयार होत नसतील तर पुढचं काहीच होणार नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

टीसीएस १९६८ मध्ये सुरू झाली. एमआयटीत शिकून आलेल्या ललित कनोडिया आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला. टाटा समूहातल्या कंपन्यांचे हिशेब संगणकावर करून द्यायचे, उरलेला वेळ बाहेरच्या ग्राहकांना द्यायचा, असं तिचं सुरुवातीचं स्वरूप होतं. नामांकित कायदेपंडित नानी पालखीवाला हे अध्यक्ष होते. १९६९ मध्ये कोहलींना जनरल मॅनेजर म्हणून तिथं जायला सांगण्यात आलं. त्यांची मुळीच इच्छा नव्हती. विजेच्या क्षेत्रात त्यांचं नाव होतं, पुढची वाट स्पष्ट होती, आणि इकडे पंच्ड कार्डांवर चालणारा एक छोटा उद्योग. तरीही ते गेले.

पहिल्या काही वर्षांतलं एक काम मला फार बोलकं वाटतं. सेंट्रल बँकेच्या शाखांमधल्या आपसातल्या व्यवहारांचा ताळमेळ लावण्याचं ते काम होतं. सांगलीच्या शाखेनं मुंबईच्या शाखेवर ड्राफ्ट काढला असं धरू. सांगलीत पैसे जमा झाल्याची एक नोंद होणार, मुंबईत पैसे दिल्याची दुसरी. दोन्ही नोंदींचे कागद पोस्टानं मुख्य कार्यालयात येणार आणि तिथं त्यांच्या जोड्या जुळवल्या जाणार. शेकडो शाखा आणि रोजचे हजारो ड्राफ्ट असले की जुळणी महिनोन्‌महिने मागे पडते. जोड न लागलेली नोंद म्हणजे कधी नुसती चूक, कधी अफरातफर, आणि तपास लागेपर्यंत बँकेचा पैसा हवेत. टीसीएसच्या लोकांनी हे काम कार्डांवर आणून संगणकाकडून जोड्या लावून घेतल्या. दिसायला हे कारकुनी काम आहे. पण एका टोकाला टाकलेला भार दुसऱ्या टोकाला कुठं आणि कधी उमटतो याचा हा शोध कोहलींच्या ओळखीचाच होता. देशातल्या बँकांत संगणकाला कर्मचारी संघटनांचा विरोध असण्याचे ते दिवस होते. माणसांच्या नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि तिच्याकडे तुच्छतेनं पाहणं मला बरोबर वाटत नाही. पण जोड न लागलेल्या नोंदींचे ढीग उपसायला माणसं पुरी पडत नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

देशात काम थोडं आणि नवा संगणक मिळवणं महाकठीण. परकीय चलनाची चणचण होती, आयातीला परवाना लागे, आणि परवाना मिळाला तरी जबर आयातकर. सरकारची एक अट अशी होती की, आयात केलेल्या यंत्राच्या बदल्यात निर्यात करून परकीय चलन मिळवून द्यायचं. निर्यात कशाची करायची? यंत्रं तर आपण बनवत नव्हतो. उरले प्रोग्रॅम. भारताची सॉफ्टवेअर निर्यात या कोंडीतून जन्माला आली. कुणी दूरदृष्टीनं आखलेली ती योजना होती असं आज सांगितलं जातं तेव्हा मला ते पटत नाही. अडचण सगळ्यांपुढे होती. तिच्यातून वाट निघू शकते हे कोहलींना दिसलं आणि त्यांनी ती वाट धरली.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज या संगणक कंपनीशी संबंध जुळला. बरोजकडे रुग्णालयांच्या हिशेबाचा एक मोठा प्रोग्रॅम होता. तो त्यांच्या मध्यम आकाराच्या संगणकांसाठी लिहिलेला होता आणि लहान संगणकांवर चालावा म्हणून त्याचं रूपांतर हवं होतं. भाषा दोन्हीकडे कोबॉल, पण प्रत्येक यंत्राची कोबॉल थोडी वेगळी. आणि मुंबईत बरोजचं यंत्रच नव्हतं! टीसीएसकडे होता ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. ज्या यंत्रासाठी लिहायचं ते समोर नसताना काम पुरं करायचं होतं. टीसीएसच्या तरुण अभियंत्यांनी ओळन्‌ओळ हातानं बदलण्याऐवजी रूपांतर करणारा प्रोग्रॅमच लिहिला. मूळ मजकूर त्यात घालायचा, नियमांप्रमाणे बदल होऊन नव्या यंत्राला चालेल असा मजकूर बाहेर पडायचा. हे सगळं मुंबईत आयसीएलवर झालं.

या प्रसंगात पुढचा सगळा उद्योग बीजरूपानं आहे. काम परदेशातल्या ग्राहकाचं, करणारे भारतात बसलेले. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा करावं लागत असेल तर ते करणारं साधन आधी तयार करायचं ही वृत्ती. पुढे २००० सालचं संकट आलं, तारखेतले दोनच आकडे साठवणारे कोट्यवधी ओळींचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायची वेळ आली, तेव्हा टीसीएसनं चेन्नईत त्यासाठी कारखान्यासारखी व्यवस्था उभी केली. तिचं मूळ या रूपांतरात शोधता येतं.

१९७४ मध्येच कोहली टीसीएसचे डायरेक्टर-इन-चार्ज झाले. त्यानंतर वर्षभरात कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे अध्यक्ष या नात्यानं त्यांनी एक भाषण केलं. औद्योगिक क्रांती आपल्या हातून निसटली, त्याची कारणं आपल्या हाती नव्हती. आता माहितीची क्रांती येते आहे. तिला लागते स्पष्ट विचार करण्याची ताकद आणि ती आपल्याकडे भरपूर आहे, असा त्याचा आशय होता. देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके असताना हे बोललं गेलं.

पण त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानं परदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा कमी करायला सांगितलं. आयबीएमनं ते मानलं नाही आणि १९७८ मध्ये देश सोडला. बरोजनं दुसरा मार्ग पत्करून टाटांशीच भागीदारी केली, टाटा बरोज ही वेगळी कंपनी निघाली आणि टीसीएसकडे असलेलं बरोजचं काम तिकडे गेलं. म्हणजे कोहलींनी ज्या ग्राहकाच्या जोरावर निर्यात उभी केली तो ग्राहक घरातल्याच दुसऱ्या कंपनीकडे गेला. एखाद्याचा धीर इथं खचला असता. कोहलींनी १९७९ मध्ये आपले सहकारी एस. रामदुराई यांना न्यूयॉर्कला कार्यालय उघडायला पाठवलं आणि बरोजखेरीज इतर यंत्रांवरचं, मुख्यतः आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरचं काम मिळवायला सुरुवात केली. वाहिनी तुटली की भार दुसऱ्या वाहिनीवर वळवायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ती टाटा बरोज पुढे टाटा युनिसिस आणि मग टाटा इन्फोटेक झाली आणि अखेरीस टीसीएसमध्येच विलीन झाली.

कोहलींबरोबर काम करणं सोपं नव्हतं. अर्धवट तयारीनं समोर आलेल्या माणसाला ते नेमका प्रश्न विचारून उघडं पाडत. माणसं निवडताना मात्र ते संगणकाची पदवी शोधत बसले नाहीत. यंत्र, रसायन, विद्युत अशा कुठल्याही शाखेचा हुशार अभियंता घ्यायचा आणि त्याला शिकवायचं, हा टीसीएसचा शिरस्ता झाला. तेव्हा देशात संगणकशास्त्राच्या जागाच इतक्या थोड्या होत्या की दुसरा इलाजही नव्हता. हैदराबादला त्यांनी सिस्टिम्स इंजिनिअरिंग आणि सायबरनेटिक्सचं केंद्र काढलं. स्वित्झर्लंडच्या रोखे व्यवहारांची पूर्तता करणारी यंत्रणा १९८९ मध्ये टीसीएसकडे आली. एका देशाच्या शेअर-रोख्यांची देवाणघेवाण ज्या प्रोग्रॅमवर उभी राहणार तो भारतीय कंपनीनं लिहायचा, हे त्या काळी लहान काम नव्हतं. स्वस्त मनुष्यबळाच्या पलीकडे जाता येतं याचा तो मोठा पुरावा होता.

पुण्याशी त्यांचं नातं दोन संस्थांतून जुळलं. १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख ई. सी. सुब्बाराव हे मटेरियल सायन्सचे जाणकार, आयआयटी कानपूरमधून आलेले. सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधन केंद्रात एकीकडे प्रोग्रॅम लिहिणारे प्रोग्रॅम तयार होत होते आणि दुसरीकडे पदार्थांवर प्रयोग चालू होते. याच केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची पद्धत विकसित झाली आणि तिचाच पुढचा अवतार म्हणून २००९ मध्ये विजेवाचून चालणारं टाटा स्वच्छ हे यंत्र बाजारात आलं. तिमाहीचा हिशेब पाहणाऱ्या माणसाला असली केंद्रं परवडत नाहीत. कोहलींना ती परवडली, कारण तलावातलं पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती.

१९९६ मध्ये, ७२ व्या वर्षी, कोहलींनी सूत्रं रामदुराईंकडे दिली. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ‘भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक’ हे बिरुद तोवर त्यांना चिकटलं होतं. पण ते स्वतः या उद्योगावर पूर्ण समाधानी नव्हते आणि तसं ते उघडपणे बोलत. आपण परदेशासाठी प्रोग्रॅम लिहितो, पण संगणक आणि त्यातल्या चिप बनवत नाही. आणि संगणक इंग्रजीत बोलतो, म्हणून देशातल्या बहुतेक लोकांच्या तो उपयोगाचा नाही. या दोन तक्रारी त्यांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. मला त्या दोन्ही रास्त वाटतात. या उद्योगाला मिळालेल्या यशामुळे त्या ऐकून घेण्याची निकड कुणाला भासली नाही, याचं वाईटही वाटतं.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, नियामक मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी काही काळ सांभाळलं. १८५४ सालच्या या संस्थेला नुकतीच स्वायत्तता मिळाली होती. वयाची ऐंशी गाठलेला हा माणूस तिथं अभ्यासक्रम, प्राध्यापक आणि प्रयोगशाळा यांत लक्ष घालत होता. देशातल्या मूठभर आयआयटींनी भागणार नाही, बाकीची अभियांत्रिकी महाविद्यालयं वर आली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

निवृत्तीनंतर त्यांनी हाती घेतलेलं सर्वांत जिव्हाळ्याचं काम प्रौढ साक्षरतेचं. नेहमीच्या पद्धतीत प्रौढांना आधी अक्षरं शिकवली जातात, मग जोडाक्षरं, मग शब्द. दिवसभर राबून आलेली माणसं तिथवर पोचण्याआधीच वर्ग सोडतात. कोहली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की, प्रौढ माणसाला भाषा येतच असते, हजारो शब्द त्याच्या तोंडी असतात, त्याला फक्त त्यांची चित्रं ओळखायची असतात. म्हणून अक्षराऐवजी शब्दापासून सुरुवात करायची. पडद्यावर रोजच्या वापरातला शब्द दिसतो, त्याचा उच्चार ऐकू येतो, अर्थ चित्रातून कळतो आणि मग त्या शब्दाचे तुकडे कसे पडतात ते दिसतं. सुमारे ४० तासांत माणूस वर्तमानपत्रातला साधा मजकूर वाचू लागावा, असं उद्दिष्ट होतं. त्यासाठी कार्यालयांनी टाकून दिलेले जुने संगणक वापरले. पहिला प्रयोग २००० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेडक जिल्ह्यात तेलुगूतून झाला. नंतर मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये हा कार्यक्रम तयार झाला. लिहिणं तो पुरेसं शिकवत नाही ही त्याची मर्यादा होती, आणि सरकारी यंत्रणेनं ज्या प्रमाणात तो उचलायला हवा होता त्या प्रमाणात उचलला नाही.

२६ नोव्हेंबर २०२० रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी कोहली गेले. पवईच्या आयआयटीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बुद्धिमान यंत्रणांच्या संशोधनाचं केंद्र आहे. भारतीय भाषांत ऐकणारे, बोलणारे आणि वाचून दाखवणारे संगणक घडवण्याचं जे काम आज अशा प्रयोगशाळांमधून चाललं आहे, त्यासाठी ते अनेक वर्षं मागे लागलेले होते.